वनस्पतिज कार्बनयुक्त प्लॅस्टिक संमिश्रे : टिकाऊपणा व जैव अपघटन यांचा इतिहास

लाकूड, काटक्या, करवंट्या, धान्याची तुसे इ. वनस्पतिज पदार्थ हवेच्या अभावी तापविल्यावर मिळणारा कोळसा किंवा वनस्पतिज तेले जाळून मिळणारी काजळी बारीक करून बहुवारिकात (अनेक लहान रेणू साखळीसारखे जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थात) मिसळली असता जे घन द्रव्य तयार होते, त्याला वनस्पतिज कार्बनयुक्त प्लॅस्टिक संमिश्र म्हणतात. यातील बहुवारिकास आधारद्रव्य व कार्बनास भरणद्रव्य अशी संज्ञा आहे. या द्रव्यांकडून दोन अपेक्षा एकाच वेळी केल्या जातात. वापरात असेपर्यंत त्यांनी ऊन, पाऊस व झीज यांना दाद देऊ नये आणि वापर संपला की त्यांनी मातीत कुजून जावे. या दोन अपेक्षांचा मेळ बसत नाही, हे निरनिराळ्या पदार्थांच्या बाबतीत पुनःपुन्हा अनुभवास आले आहे. भरणद्रव्य वनस्पतिज आहे एवढ्यावरून संमिश्र कुजेल असा समज मात्र अद्याप दृढ आहे.

या प्रश्नाचे व्यावहारिक स्वरूप विदर्भातील कोरडवाहू शेतीच्या गावात चांगले पाहावयास मिळते. वाशीम तालुक्यातील अनसिंग हे वाशीम–पुसद रस्त्यावरील असे एक गाव होय. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा काढण्यात आला, तोपर्यंत ते अकोला जिल्ह्यात मोडत असे. सोयाबीन, तूर व कापूस ही या भागातील प्रमुख पिके असून त्यांच्यामागे कुटार, तुराट्या व पऱ्हाट्या उरतात. कुटार गुरांच्या उपयोगी पडते. तुराट्या व पऱ्हाट्या मात्र चुलीत जळतात, किंवा पुढील हंगामासाठी रान मोकळे करताना धुऱ्यावर पेटवून दिल्या जातात. याच शिवारांत ठिबक सिंचनाच्या नळ्या, भाजीपाल्याच्या वाफ्यांवरील प्लॅस्टिकचे आच्छादन व रोपांच्या पिशव्या गेल्या काही दशकांत आल्या. त्यांतील बहुतेक वस्तू काळ्या असतात. हा काळा रंग खनिज तेलापासून केलेल्या काजळीचा असतो. अर्थात शेतात वनस्पतिज कार्बन जाळून टाकावयाचा व खनिज कार्बन विकत आणावयाचा असा हा व्यवहार आहे. पहिल्याने दुसऱ्याची जागा भरून काढावी ही कल्पना त्यामुळे साहजिकच सुचते. ती कितपत योग्य आहे हे समजण्यासाठी वनस्पतीचा कोळसा होताना काय घडते ते प्रथम पाहणे इष्ट ठरेल.

काष्ठ हे मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन यांचे बनलेले असते. कवके व सूक्ष्मजंतू यांच्याकडील एंझाइमे या रेणूंचे दुवे तोडू शकतात व म्हणून लाकूड कुजते. हवेशिवाय उष्णता दिली असता प्रथम हेमिसेल्युलोज, नंतर सेल्युलोज विघटित होते. लिग्निनाचे विघटन विस्तृत तापमान-पल्ल्यात सावकाश होत राहते. पाणी, शिर्काम्ल (ॲसिटिक अम्ल), डांबर व वायू निघून जातात आणि मागे षट्‌कोनी कार्बन वलयांचे एकमेकांस जखडलेले थर राहतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा एवढाच लोणारी कोळसा मिळतो. लाकडात कार्बन निम्म्याच्या आसपास असतो, तर सु. ५००° से. तापमानाला तयार झालेल्या कोळशात तो चार-पंचमांशाच्या पुढे जातो. या वलयांवर तुटक काम करू शकतील अशी एंझाइमे निसर्गात फार थोडी आहेत. त्यामुळे कोळसा हा वनस्पतीपासूनच आलेला असला, तरी सूक्ष्मजंतूंच्या दृष्टीने तो जवळजवळ दगडासारखा असतो. त्याचा अल्पसा भाग काही महिन्यांत वा वर्षांत नाहीसा होतो, पण उरलेला शतकानुशतके तसाच राहतो.

याचा सर्वांत भक्कम पुरावा पुरातत्त्वविद्येने दिला आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील लोक कोणती धान्ये पिकवीत, हे मुख्यतः जळून काळ्या झालेल्या दाण्यांवरून कळले. न जळलेले दाणे किडींनी खाल्ले वा मातीत कुजून गेले आणि चुलीत सांडून करपलेले मात्र तीन हजार वर्षे टिकले. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे महापाषाणयुगीन लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली आहे. अशा स्थळांचा काळ ठरविण्यास कोळशाचे तुकडे उपयोगी पडतात. कार्बन–१४ या किरणोत्सर्गी अणूचे प्रमाण दर ५,७३० वर्षांनी निम्मे होत असल्याने कोळशातील त्याचे प्रमाण मोजून वनस्पती केव्हा तोडली गेली, हे सांगता येते. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यात जुन्या वस्त्यांच्या जागी सापडणारी काळी, सुपीक मातीही शेकडो वर्षांपूर्वी मिसळलेल्या कोळशामुळे काळी राहिली आहे. (वऱ्हाडातील काळ्या जमिनीचा रंग मात्र कोळशाचा नव्हे. तो मृत्तिका खनिजे व त्यांना घट्ट चिकटलेला ह्यूमस यांच्या संयोगाचा असून या जमिनीतील सेंद्रिय कार्बन बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. रंगावरून कस ठरविण्याची सवय येथे फसवी ठरते.)

न जळलेल्या व जळलेल्या काष्ठातील हा भेद लोकांना अनुभवाने माहीत होता. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड विणून त्यावर शेणमातीचा गिलावा देण्याची पद्धत वऱ्हाडात जुनी आहे. मातीचे आधारद्रव्य व काटक्यांचे भरणद्रव्य असलेले हे एक संमिश्रच होय. वाळवी लागली की काटक्या आतून पोखरल्या जातात व गिलाव्याचे पोकळ कवच तेवढे उभे राहते. उलट जमिनीत पुरावयाच्या खांबाचे टोक जाळून काळे करण्याचा रिवाज अनेक ठिकाणी होता. त्यामुळे कुजण्याची क्रिया लांबते.

शाई व लाख : डिंकात काजळी घोटून केलेली शाई हे वनस्पतिज कार्बन व नैसर्गिक बहुवारिक यांचे सर्वांत जुने व सर्वांत यशस्वी संमिश्र म्हणावे लागेल. तिळाच्या किंवा अन्य तेलाच्या दिव्यावर भांडे उपडे धरून काजळी जमवीत व ती बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात दीर्घकाळ खलीत. काजळीचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. लाकडी कोळसा कितीही वाटला, तरी एवढा बारीक होत नाही. म्हणून उत्तम शाईसाठी कोळशापेक्षा काजळी पसंत केली जाई. भरणद्रव्याचा बारीकपणा व ते आधारद्रव्यात सारखे पसरणे यांवर संमिश्राचे गुण अवलंबून असतात, हे आधुनिक तत्त्व या खलण्याच्या श्रमात आधीच गृहीत धरलेले होते. वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील जैन ग्रंथभांडारे हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध आहेत. रायबहादूर हिरालाल यांनी सिद्ध केलेल्या व नागपूर येथून १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीमुळे या भांडारांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे कारंजा जैन ग्रंथमालेतून अनेक अपभ्रंश ग्रंथ संपादित होऊन प्रसिद्ध झाले. जुन्या पोथ्यांच्या बाबतीत सर्वत्र आढळणारी गोष्ट अशी की, कागदास कसर लागते, दमट हवेत डिंक मऊ पडून पाने एकमेकांस चिकटतात किंवा अक्षरांचे पापुद्रे सुटतात. काजळी मात्र फिकट होत नाही. आधारद्रव्य नष्ट होते व कार्बन राहतो, हा संमिश्रांच्या इतिहासातील नित्याचा क्रम येथे प्रथम दिसतो.

लाख हे दुसरे नैसर्गिक प्लॅस्टिक होय. पळस, बोर, कुसुंब इ. वृक्षांवरील कीटक ते निर्माण करतात व उष्णतेने ते मऊ होते. पोकळ दागिन्यांत भरण्यासाठी सोनार व तलवारीचे पाते मुठीत बसविण्यासाठी शिकलगार लाखेचा उपयोग करीत. लाख महाग व ठिसूळ असल्याने तीत विटेची भुकटी किंवा तत्सम भर घालीत. हेच तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरात आले. तबकडीत लाख थोडी व खनिज भुकटी पुष्कळ असे. काळ्या रंगासाठी काजळी आणि चिवटपणासाठी कापसाचे आखूड तंतू घालीत. ग्रामोफोन कंपनीने भारतातील आपला पहिला कारखाना १९०८ साली कलकत्त्यातील सियालदा येथे काढला व १९२८ मध्ये तो डमडम येथे नेला. मराठी नाट्यसंगीताच्या पहिल्या पिढीचे आवाज या लाखेच्या तबकड्यांमुळेच शिल्लक राहिले आहेत. जुन्या तबकड्यांच्या जतनाचा अभ्यास करताना असे आढळले की, दमट हवेत लाख सहसा बुरशीला बळी पडत नाही, पण तीत घातलेल्या तंतूंसारख्या सेंद्रिय भरीवर बुरशी चढू शकते व तबकडीचा पृष्ठभाग खराब होतो. कच्चे वनस्पतिज भरणद्रव्य हा संमिश्राचा दुबळा भाग ठरतो आणि काजळी तशीच राहते. एकाच तबकडीत हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असणे उद्‌बोधक आहे. [→ लाख].

बेकेलाइट व रबर : बेल्जियन-अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लीओ बेकेलंट यांनी १९०७ साली फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून पहिले पूर्णतया संश्लेषित प्लॅस्टिक तयार केले. ते नुसते ठिसूळ असल्याने त्यात लाकडाचे पीठ भरपूर प्रमाणात मिसळीत. कठीण झाल्यावर पुन्हा न वितळणाऱ्या (उष्णतादृढ) राळेत लाकडाचे कण पूर्णपणे गाडले जात असल्यामुळे त्यांना पाणी पोहोचत नसे. विजेची बटणे, दूरध्वनी व कढयांच्या मुठी या वस्तू त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. लाकडासारखा कुजणारा पदार्थही पुरेसा झाकला गेला की कुजत नाही, हा धडा यातून मिळाला. पण तो कोणत्या मर्यादेपर्यंत खरा आहे हे कळावयास पुढे बराच काळ जावा लागला. फिनॉली राळा वनस्पतींपासूनही मिळतात. काजूच्या टरफलांचे तेल व विदर्भातील जंगलांत आढळणाऱ्या बिब्ब्याचे तेल ही त्याच कुळातील होत. परटाची बिब्ब्याने केलेली खूण धुण्याने जात नाही, ती या तेलाची कपड्याच्या तंतूंवर हवेने घट्ट राळ होते म्हणून.

कार्बन हे केवळ रंगद्रव्य नसून बळ देणारे द्रव्य आहे, हे रबराच्या उद्योगात प्रथम स्पष्ट झाले. १९०४ च्या सुमारास इंग्लंडमधील सिल्व्हरटाउन येथे रबरात काजळी मिसळल्यास त्याची झीज पुष्कळच कमी होते, असे दिसून आले व पुढील दशकात मोटारीच्या धावा पांढऱ्याच्या काळ्या झाल्या. याचे कारण कणांच्या आकारात आहे. धावांसाठी वापरावयाच्या काजळीचे कण मिलिमीटरच्या काही लक्षांश भागाएवढे असतात, त्यामुळे एक ग्रॅम काजळीचे पृष्ठफळ कित्येक चौरस मीटर भरते व रबराचे रेणू त्या पृष्ठाला घट्ट धरून राहतात. ही काजळी नैसर्गिक वायू व खनिज तेल यांपासून स्वस्तात मिळू लागल्याने वनस्पतिज काजळीचा व्यापार मागे पडला.

पॉलिएथिलीन व ऊन : इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३३ साली पॉलिएथिलिनाचा शोध लागला. विद्युत् निरोधनासाठी ते उत्तम असल्याने दुसऱ्या महायुद्धानंतर दूरध्वनीच्या तारांवर त्याचे आवरण घालण्यात येऊ लागले. परंतु उघड्यावरील आवरण काही वर्षांत तडकू लागले. सूर्यप्रकाशातील जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांमुळे रेणूंच्या साखळ्यांचे ऑक्सिडीकरण होऊन त्या तुटतात, असे आढळले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी सु. २ ते ३ टक्के बारीक काजळी मिसळून हा दोष दूर केला. काजळी हे किरण शोषून घेते व ते आत शिरू देत नाही. शिवाय ऑक्सिडीकरणाच्या साखळीविक्रियेलाही ती काही अंशी आळा घालते. ठिबक सिंचनाच्या नळ्या महाराष्ट्रात १९८० नंतरच्या दशकात पसरू लागल्या. त्या काळ्या असतात त्याचे कारण हेच. वैशाखातील उन्हात रंगहीन नळी काही हंगामांत ठिसूळ झाली असती.

काजळीने दिलेल्या या संरक्षणाची दुसरी बाजू त्या वेळी कोणाच्या विचारात नव्हती. पॉलिएथिलिनाचे जैव अपघटन होण्यास आधी त्याच्या लांब साखळ्या तुटून लहान व्हाव्या लागतात. सूक्ष्मजंतूंना लांब साखळ्या आत घेता येत नाहीत. साखळ्या तोडण्याचे काम निसर्गात प्रामुख्याने ऊन करते. काजळी नेमके तेच थांबविते. स्वीडनमधील आन-क्रिस्टीन आल्बर्टसन यांनी कार्बन–१४ ने अंकित केलेले पॉलिएथिलीन मातीत ठेवून त्यातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वर्षानुवर्षे मोजला. आधी ऊन न लागलेल्या नमुन्यांतून दहा वर्षांत अर्ध्या टक्क्याहूनही कमी कार्बन बाहेर पडला. शेतात गाडल्या गेलेल्या काळ्या नळीच्या तुकड्याला ऊनही मिळत नाही व सूक्ष्मजंतूंचे सहकार्यही मिळत नाही. तो नांगराच्या फाळाबरोबर वर-खाली होत बारीक होतो, पण नाहीसा होत नाही.

पिठाच्या पिशव्या : १९७० नंतर प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा प्रश्न पाश्चात्त्य देशांत पुढे आला. इंग्लंडमधील ब्रूनेल विद्यापीठातील जी. जे. एल्. ग्रिफिन यांनी पॉलिएथिलिनामध्ये मक्याचे स्टार्च मिसळण्याची पद्धत काढली. स्टार्च सूक्ष्मजंतूंचे खाद्य असल्याने ते खाल्ले जाईल व उरलेले प्लॅस्टिक सच्छिद्र होऊन लवकर तुटेल, अशी त्यामागील कल्पना होती. तिच्यात तथ्य होते. पण त्याच्या मर्यादा बाजारात सांगितल्या गेल्या नाहीत. स्टार्चाचे कण एकमेकांना चिकटून आतपर्यंत अखंड वाट तयार होण्यास त्यांचे आकारमानाने प्रमाण सु. ३० टक्के असावे लागते. त्याहून ते कमी असले, तर पृष्ठभागावरील कणच खाल्ले जातात व आतील कण प्लॅस्टिकच्या कोशात सुरक्षित राहतात. पिशव्यांमध्ये सामान्यतः याहून पुष्कळच कमी स्टार्च असे, कारण ते वाढविल्यास पिशवी फाटते. स्टार्च संपल्यावरही पॉलिएथिलीन पॉलिएथिलीनच राहते. अमेरिकेत १९९० साली काही राज्यांच्या महाधिवक्त्यांनी ‘विघटनशील’ म्हणून पिशव्या विकणाऱ्या एका मोठ्या उत्पादकावर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दावे लावले आणि या पिशव्यांची लाट ओसरली. तथापि धातूंची लवणे घालून पॉलिएथिलिनाचे ऑक्सिडीकरण जलद करण्याचा पर्याय त्यानंतरही बराच काळ चालू राहिला. यूरोपीय संघाने अशा प्लॅस्टिकच्या वस्तूंवर २०१९ च्या आदेशाने बंदी घातली.

याच सुमारास उलट दिशेने एक अनुभव आला. लाकडाचा भुसा निम्म्याहून अधिक मिसळलेले प्लॅस्टिकचे फळे अमेरिकेत अंगणातील ओट्यांसाठी व पायवाटांसाठी लोकप्रिय झाले होते. ते कधीच कुजणार नाहीत असे सांगितले जाई. १९९८ साली फ्लॉरिडातील एव्हरग्लेड्झ राष्ट्रीय उद्यानातील अशा पायवाटेच्या फळ्यांवर लाकूड कुजविणाऱ्या कवकांची फळे उगवल्याची नोंद शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. भुशाचे प्रमाण एवढे असले की कण एकमेकांना लागून राहतात आणि पाणी त्यांच्यामधून हळूहळू आत शिरते. बेकेलाइटचा धडा येथे अपुरा ठरला. कुजावी म्हणून केलेली पिशवी टिकली व टिकावा म्हणून केलेला फळा कुजला, यातील विसंगती केवळ वरवरची आहे. दोन्ही ठिकाणी निर्णय भरणद्रव्याच्या नावाने न होता त्याचे प्रमाण, कणांची मांडणी व पाण्याची वाट यांनी झाला.

महाराष्ट्रात पऱ्हाट्यांच्या उपयोगाचा विचार मुंबईतील माटुंगा येथे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या कापूस तंत्रवैज्ञानिक प्रयोगशाळेत (आताची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था) झाला. पऱ्हाट्यांचे तुकडे राळेने दाबून कणफळ्या बनविण्याची पद्धत तिने विकसित केली. तंत्र साध्य होते, मात्र पऱ्हाट्या हलक्या व अवजड असल्याने त्या शिवाराशिवारातून गोळा करून कारखान्यापर्यंत आणण्याचा खर्च ही कायमची अडचण राहिली. कोळसा केल्यास हे ओझे शेतावरच कमी होते, हा कोळशाच्या बाजूने असलेला एक खरा मुद्दा आहे. [→ कापूस].

जैविक कोळसा : वनस्पतिज अवशेषांचा नियंत्रित तापमानास केलेला कोळसा ‘जैविक कोळसा’ या नावाने ओळखला जातो. प्रथम जमिनीत मिसळण्यासाठी त्याचा अभ्यास झाला आणि २०१० नंतर तो रबर व प्लॅस्टिक यांत काजळीऐवजी वापरता येईल का, याचे प्रयोग सुरू झाले. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पीओरिया येथील प्रयोगशाळेत मक्याच्या धसकटांचा कोळसा रबरात, तर न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे लाकडी कोळसा पॉलिप्रोपिलिनात मिसळण्यात आला. अशा संशोधनातून सर्वसाधारणपणे दिसून येते ते असे : कोळशाने प्लॅस्टिकचा ताठपणा, कठिणता व उष्णतासहत्व वाढते, ज्वलनाचा वेग मंदावतो, आणि कच्च्या भुशाच्या मानाने पाणी कमी शोषले जाते, मात्र ताण सहन करून लांबण्याची क्षमता घटते व आघाताने तुकडा लवकर तुटतो. दळलेल्या कोळशाचे कण काजळीच्या कणांच्या शेकडो पट मोठे असतात, हे त्याचे मुख्य कारण होय. दिव्याची काजळी सोडून कोळसा वाटून शाई करणाऱ्याला जी अडचण येई तीच ही. शिवाय पिकांच्या अवशेषांच्या कोळशात राख असते आणि तिच्यातील अल्कली वितळलेल्या पॉलिलॅक्टिक अम्लासारख्या बहुवारिकाच्या साखळ्या साच्यातच तोडू लागते.

पॉलिलॅक्टिक अम्ल हे मक्यासारख्या पिकांपासून मिळणारे व योग्य परिस्थितीत कुजणारे प्लॅस्टिक असल्याने त्यात वनस्पतिज कोळसा मिसळला की सर्वस्वी ‘निसर्गाचे’ द्रव्य तयार झाले, असे वाटते. त्याची कसोटी कशी लागते हे उदाहरणाने पाहणे योग्य होईल. यूरोपीय मानक (२०००) व त्याच्याशी जुळणारी इतर मानके यांनुसार कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकातील ९० टक्के कार्बन सहा महिन्यांत कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडला पाहिजे. शंभर ग्रॅम संमिश्रात ८० ग्रॅम पॉलिलॅक्टिक अम्ल व २० ग्रॅम कोळसा आहे असे मानू. या अम्लात वजनाने निम्मा कार्बन असतो, म्हणजे ४० ग्रॅम. कोळशात ८० टक्के धरला तर १६ ग्रॅम. पॉलिलॅक्टिक अम्ल संपूर्ण कुजले, तरी एकूण ५६ ग्रॅमांपैकी ४० ग्रॅमच बाहेर पडतील, म्हणजे सु. ७१ टक्के. कोळसा तसाच राहतो व कसोटी उतरत नाही. उलट केवळ वस्तूचे तुकडे होऊन ती चाळणीतून गळते की नाही, एवढेच पाहिल्यास ती सहज उतरेल. कोळशाच्या छिद्रांतून पाणी शिरल्यामुळे आधारद्रव्याचे अपघटन कधी जलद होते, तर कधी कोळशाच्या आवरणामुळे मंदावते. या बाबतीत प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. आधारद्रव्य, कोळशाचे तापमान व राख यांनुसार ते बदलतात.

आणखी एक घोटाळा नावाचा आहे. प्लॅस्टिकातील किती कार्बन वनस्पतिज आहे, हे आता इनामगावच्या कोळशाचा काळ ठरविणाऱ्या त्याच कार्बन–१४ पद्धतीने मोजतात. खनिज तेलातील कार्बन कोट्यवधी वर्षांचा असल्याने त्यात कार्बन–१४ उरलेला नसतो आणि या वर्षीच्या पऱ्हाटीत तो भरपूर असतो. ही कसोटी कार्बन कोठून आला ते अचूक सांगते, तो कोठे जाईल हे मुळीच सांगत नाही. खनिज तेलापासून केलेली काही प्लॅस्टिके कुजतात, तर उसाच्या मद्यार्कापासून केलेले पॉलिएथिलीन कुजत नाही. वेष्टनावर ‘वनस्पतिज’ असे छापून ‘कुजणारे’ असा बोध करून देण्याची वहिवाट या दोन कसोट्यांच्या सरमिसळीवर चालते.

महाराष्ट्रात या भेदाला कायदेशीर महत्त्व आले ते पुरामुळे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस पडला व नाले तुंबण्यास प्लॅस्टिकच्या पिशव्या हे एक कारण मानले गेले. त्यानंतर २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर निर्बंध घातले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ही बंदी पुष्कळच व्यापक झाली. तीत रोपवाटिका, फलोद्यान, शेती व घनकचरा यांसाठीच्या कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना सवलत ठेवण्यात आली. सवलतीमुळे ‘कुजणारे’ या शब्दाला बाजारात किंमत आली आणि तो शब्द कोणी व कशाच्या आधारे वापरावा हा प्रश्न प्रमाणपत्रांचा झाला.

प्रमाणपत्रासाठीची कसोटी सु. ५८° से. तापमानाच्या ओलसर कंपोस्टात घेतली जाते. औद्योगिक कंपोस्ट-ढिगात ते तापमान आपोआप येते. अनसिंगच्या शिवारात उन्हाळ्यात मातीचा पृष्ठभाग कडक तापतो, पण तेव्हा ती भेगाळलेली व कोरडी असते. पावसाळ्यात ओल असते, पण माती सु. ३०° से.च्या आसपास राहते. पॉलिलॅक्टिक अम्लाला लागणारी ऊब व ओल येथे एकत्र येत नाहीत. म्हणून शेतात आच्छादनासाठी वापरावयाच्या कुजणाऱ्या पडद्यांकरिता यूरोपात २०१८ मध्ये वेगळे मानक करण्यात आले. त्यात मातीच्या नेहमीच्या तापमानाला दोन वर्षांत ९० टक्के अपघटनाची अट आहे. ते पूर्ण करणारे पडदेही तण उगवू नये म्हणून बहुधा काळेच असतात आणि पडदा कुजल्यावर त्यातील काजळी मातीत राहते. दरवर्षीचे प्रमाण अल्प असले तरी ती साठत जाते.

वनस्पतिज कोळसा वापरल्याने या राहण्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो खनिज तेलाच्या वापरात व पऱ्हाट्यांच्या किमतीत. ठिबकच्या नळीसारख्या दीर्घकाळ वापरावयाच्या व शेवटी गोळा करून पुन्हा वितळवावयाच्या वस्तूत कोळशाचा चिरस्थायीपणा हा गुणच ठरेल, मात्र तो काजळीइतका बारीक दळता आला पाहिजे. एका हंगामाच्या आच्छादनात व रोपाच्या पिशवीत तो टाळून कच्चा भुसा किंवा स्टार्च वापरणे अधिक सुसंगत आहे. कोळसा जमिनीतच जावयाचा असेल, तर त्यासाठी प्लॅस्टिकच्या मध्यस्थीची गरज नाही. धुऱ्यावर पेटणाऱ्या पऱ्हाट्या झाकलेल्या खड्ड्यात किंवा पिंपात मंद जाळून होणारा कोळसा शेणखताबरोबर थेट मिसळता येतो व ओल आणि अन्नद्रव्ये धरून ठेवण्यास त्याचा उपयोग होतो.